शेतकऱ्याचा खिशातील चाकू : निवड, वापर आणि निगा

भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास यवतमाळ जिल्ह्यातील काळ्या जमिनीत पऱ्हाटी कमरेच्या वर जाते आणि हिरव्या बोंडांनी लगडते. धुऱ्यावरून पाहणाऱ्यास वावर निरोगी दिसते. परंतु बोंडाच्या आत काय चालले आहे हे धुऱ्यावरून कळत नाही. शेंदरी बोंडअळी अंड्यातून निघताच कोवळ्या बोंडात शिरते. तिने पाडलेले बारीक छिद्र बोंड वाढू लागले की बुजून जाते, आणि अळी आत सरकीवर पोसत राहते. बाहेरची साल हिरवीगार असते. बोंड कापून उघडल्याखेरीज तिचा पत्ता लागत नाही.

सन २०१७ च्या खरीप हंगामात विदर्भातील कापूस उत्पादकांना या अळीचा फार मोठा तडाखा बसला. त्याच हंगामात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षाने दोन धडे दिले. पहिला असा की, पिकाची पाहणी वेळेवर झाली पाहिजे आणि फवारणी पाहणीनंतरच झाली पाहिजे. दुसरा असा की, विष हाताला, तोंडाला व अन्नाला लागता कामा नये. या दोन्ही धड्यांशी शेतकऱ्याच्या खिशातील एका लहानशा वस्तूचा निकटचा संबंध आहे. ती वस्तू म्हणजे घडीचा चाकू.

विळा, खुरपे व कुऱ्हाड ही अवजारे कामाच्या वेळी घरून न्यावी लागतात. चाकू मात्र खिशात असतो, म्हणून वावरातून सहज जाता जाता एखादे बोंड उघडून पाहणे घडते. चाकू घरी राहिला तर ‘उद्या पाहू’ असे म्हणून पाहणीही राहून जाते. म्हणूनच चाकूची निवड केवळ किंमत पाहून किंवा बाजारातील चकाकी पाहून करू नये. तो रोज जवळ बाळगण्याजोगा, हातात पक्का बसणारा आणि बोटावर न मिटणारा असावा.

चाकूने करावयाची पाहणी

कपाशीला फुले लागल्यानंतर दर आठवड्यास एक एकरातून, निरनिराळ्या ठिकाणच्या झाडांवरून, मध्यम आकाराची वीस हिरवी बोंडे तोडावीत. ती धुऱ्यावर एका फळीवर ठेवून एकेक उघडावी. बोंड तळहातात धरून कापू नये. फळीवर ठेवून, बोंडाच्या पाकळ्या जेथे जुळतात त्या रेषेवर चाकूने उथळ छेद द्यावा आणि पुढे हाताने बोंड उकलावे. पाते खोल घातल्यास अळी चिरडते व ओळख पटत नाही. लहान अळी पांढरट असते. गुलाबी रंग तिला पुढे मोठेपणी येतो. म्हणून गुलाबी दिसली नाही तर अळी नाही, असे समजू नये. अळी प्रत्यक्ष सापडली नाही तरी कप्प्यांमधील पडद्यावर पडलेले छिद्र हीदेखील तिचीच खूण असते. वीस बोंडांपैकी दोन बोंडांत अळी किंवा तिची खूण आढळली, म्हणजे शेकडा दहा या प्रमाणात उपद्रव झाला, असे समजून उपाय योजण्याची वेळ आली आहे असे मानावे. एकही बोंड किडलेले नसेल तर या अळीसाठी त्या आठवड्यात फवारणी करण्याचे कारण नाही. फवारणीचा खर्च वाचतो आणि विषाशी येणारा संबंधही टळतो.

तुरीच्या बाबतीतही चाकूच निवाडा करतो. फुलोऱ्यात आलेले झाड एकाएकी सुकू लागले तर ते पाण्याच्या ताणाने सुकले की मर रोगाने, याचा उलगडा बाहेरून होत नाही. बुंध्याजवळ खोड उभे चिरावे. आत काळपट तपकिरी उभा पट्टा दिसला तर तो मर रोग होय. पाण्याच्या ताणाने सुकलेल्या झाडात असा पट्टा नसतो. हा रोग जमिनीतील बुरशीपासून होतो व ती बुरशी जमिनीत अनेक वर्षे टिकते. म्हणून अशा वावरात पुढील हंगामात पिकाची फेरपालट करणे, किंवा बदनापूर संशोधन केंद्राच्या बी.एस.एम.आर. ७३६ सारखा रोगप्रतिकारक वाण घेणे, हाच शहाणपणाचा मार्ग आहे. सुकलेले झाड पाहून घाईने एखादे कीटकनाशक फवारणे म्हणजे पैसा मातीत घालणे होय.

सोयाबीनचे झाड मधूनच वाळू लागल्यास त्याचेही खोड उभे चिरून पाहावे. आत लालसर तपकिरी पोखरलेली नळी दिसली तर तो खोडमाशीचा उपद्रव समजावा. देठावर किंवा फांदीवर जवळजवळ दोन गोल खाचा दिसल्या तर तो चक्री भुंगा होय. संत्र्याच्या बागेत डिंक्या रोग आला असता रोगट साल धारदार चाकूने निरोगी भागापर्यंत खरवडून काढावी लागते. नंतर त्या जागी बोर्डो मलम, म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना व दहा लिटर पाणी यांचे मिश्रण, लावतात. खरवडलेली साल बागेत न टाकता जाळावी. बागेतील एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना चाकू निर्जंतुक करून घ्यावा, कारण लिंबूवर्गीय झाडांचे काही रोग पात्याबरोबर एका झाडातून दुसऱ्या झाडात जातात.

चाकू केवढा असावा

फार लहान चाकू, म्हणजे पेन्सिल तासण्याजोगा, शेतकामास अपुरा पडतो. त्याची मूठ दोन बोटांतच धरावी लागते. जोर लावताच ती हातात फिरते व जखम होते. फार मोठा चाकू खिशात राहत नाही, म्हणून घरीच पडून राहतो. या दोहोंमधील पूर्ण मापाचा चाकू घ्यावा. त्याचे पाते सुमारे आठ ते नऊ सेंटिमीटर आणि मूठ सुमारे अकरा सेंटिमीटर असावी. माप घेण्याची सोपी रीत अशी की, चाकू मिटवून मुठीत धरावा. चारही बोटे मुठीवर नीट बसली पाहिजेत आणि करंगळी बाहेर लोंबता कामा नये. ज्यांचे हात मोठे आहेत त्यांनी थोडी लांब मूठ घ्यावी. स्त्रियांनी, विशेषतः कापूस वेचणाऱ्या भगिनींनी, आपल्या हाताच्या मापानेच चाकू पाहावा. घरातील पुरुषाच्या हाताच्या मापाचा घेऊ नये.

पाते पाठीकडे दोन ते तीन मिलिमीटरहून जाड नसावे. जाड पात्याने बोंड व खोड चिरण्याऐवजी फुटते. पात्याची धार सरळ व सलग असावी. करवतीसारखे दाते असलेली धार दोरी कापण्यास बरी असते. परंतु ती साध्या दगडावर पाजळता येत नाही, म्हणून खेड्यात ती लवकरच निरुपयोगी होते.

पाते लोखंडी की न गंजणारे

साध्या कार्बन पोलादाचे पाते दगडावर चटकन धार घेते, व ही धार कोणालाही घरी लावता येते. परंतु ते गंजते. संत्रे, लिंबू किंवा चिंच कापल्यास काळे पडते, आणि पावसाळ्यात ओलसर खिशात राहिल्यास रात्रीतून तांबूस होते. न गंजणाऱ्या पोलादाला, म्हणजे स्टेनलेस स्टीलला, ही भीती पुष्कळ कमी असते. मात्र चांगल्या प्रतीचे पाते कठीण असल्यामुळे पाजळण्यास अधिक वेळ लागतो. जो शेतकरी दररोज चाकू पुसून ठेवील त्याने कार्बन पोलादाचा घेण्यास हरकत नाही. ज्याला ही सवय नाही त्याने न गंजणारा घ्यावा. अगदी स्वस्त व चकचकीत चाकूंचे पाते बहुधा मऊ असते. त्याला धार लागते, पण दहा-बारा बोंडे कापताच ती जाते. बोथट चाकू सुरक्षित असतो असा समज आहे तो चुकीचा आहे. बोथट पात्यावर जोर अधिक लावावा लागतो, ते निसटते, आणि बोटावर जाते.

खटका : सर्वांत महत्त्वाची गोष्ट

घडीच्या चाकूचा खरा धोका त्याच्या घडीतच आहे. उघडलेले पाते काम करताना उलट मिटले तर ते थेट बोटांवर येते. वेचणीच्या हंगामात उजव्या हाताचे बोट कापले गेले तर त्या घराची मजुरी तितके दिवस बुडते. म्हणून पाते कशाने उघडे राहते हे विकत घेण्यापूर्वी अवश्य पाहावे.

जुन्या पद्धतीच्या चाकूत पाते केवळ पाठीच्या कमानीच्या दाबाने उघडे राहते. हलक्या कामास, म्हणजे फळे व सुतळी कापण्यास, तो चालतो. पात्याचे टोक खुपसून करावयाच्या कामास तो धोक्याचा आहे. दुसऱ्या प्रकारात मुठीच्या पाठीवर खटका असतो. तो दाबल्याशिवाय पाते मिटत नाही. तिसऱ्या प्रकारात मुठीच्या आतील पत्र्याची पट्टी पात्यामागे येऊन बसते. ही पट्टी पातळ असेल, किंवा तिच्या बैठकीत माती साचली असेल, तर ती निसटते. चौथा प्रकार कडीचा आहे. मुठीच्या तोंडाशी असलेली धातूची कडी फिरवली की पाते अडकून राहते.

या कडीच्या चाकूचा इतिहास शेतकऱ्यांनी लक्षात घेण्यासारखा आहे. फ्रान्समधील साव्हॉय या डोंगराळ प्रांतात जोसेफ ओपिनेल याने १८९० मध्ये तेथील शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा एक साधा घडीचा चाकू तयार केला. आरंभी त्यास अडकण नव्हती. ती फिरती कडी १९५५ मध्ये बसविण्यात आली. त्या चाकूचे आठ क्रमांकाचे माप, म्हणजे साडेआठ सेंटिमीटर लांबीचे पाते, हे पुष्कळांच्या हाताला बसते. अशा लाकडी मुठीच्या चाकूत एक उणीव मात्र आहे. मूठ भिजून फुगली की पाते आवळले जाते व उघडत नाही. पावसाळ्यात चिखलातून काम करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

बटण दाबताच झटकन उघडणारा चाकू मात्र घेऊ नये. शेतकामात त्याचा काहीही अधिक उपयोग नाही. तो खिशात उघडण्याची भीती असते, आणि तो जवळ बाळगणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाते.

खरेदी करताना पाहावयाच्या गोष्टी

१. चाकू उघडून पाते डावीकडे-उजवीकडे हलवून पाहावे. ते खिळ्यात हलत असेल तर घेऊ नये.

२. खटका लावून पात्याची पाठ लाकडाच्या कडेवर हलकेच दाबावी. त्या वेळी बोटे पात्याच्या वाटेत नसावीत. खटका निसटला तर तो चाकू परत करावा.

३. मिटलेल्या चाकूत पात्याचे टोक मुठीच्या बाहेर किंचितही येता कामा नये.

४. हात ओले करून चाकू उघडून व मिटवून पाहावा. जो ओल्या हाताने उघडत नाही तो श्रावणात उपयोगी पडणार नाही.

५. मुठीच्या आतील खाच साफ करता येण्याजोगी मोकळी असावी.

६. मुठीला दोरी ओवण्यासाठी छिद्र असावे. त्यात लाल किंवा पिवळी दोरी बांधावी, म्हणजे चाकू पऱ्हाटीत पडला तरी दिसतो.

या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व वेचणीच्या काळात अधिक आहे. कापसाच्या गंजीत हरवलेला चाकू जिनिंगपर्यंत पोहोचला तर यंत्रात लोखंडावर लोखंड आदळून ठिणगी उडते आणि कापसाला आग लागू शकते. वेचणीच्या वेळी चाकू दोरीने कमरेला बांधलेला असावा.

विषाचा चाकू आणि अन्नाचा चाकू

खिशातील चाकूने कीटकनाशकाची पुडी, पिशवी किंवा बाटलीचे बूच कधीही कापू नये. दुपारी त्याच चाकूने कांदा, काकडी किंवा संत्रे कापले जाते, आणि पात्याला व मुठीच्या खाचेत राहिलेले विष अन्नात उतरते. वरवर पुसल्याने ते जात नाही. लाल त्रिकोणाचे औषध सर्वांत अधिक विषारी, त्याखालोखाल पिवळ्या त्रिकोणाचे; परंतु निळा किंवा हिरवा त्रिकोण असला तरी नियम हाच पाळावा. पुड्या कापण्यासाठी एक स्वस्त कात्री घेऊन ती फवारणी पंपालाच दोरीने बांधून ठेवावी, आणि ती घरात आणू नये. चुकून चाकूला औषध लागलेच तर हातमोजे घालून, साबण व भरपूर पाण्याने, पाते उघडून, खाचेसह तो धुवावा. नंतर तो अन्नासाठी न वापरता औषधाच्या कामाकडेच लावावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी फवारणीच्या प्रात्यक्षिकात मुखवटा व हातमोजे यांच्याबरोबर ही कात्रीही दाखवावी.

चाकूने काय करू नये

सर्पदंश झाल्यास दंशाच्या जागी चाकूने चीर देण्याची रीत काही खेड्यांत अजून आढळते. ती अत्यंत घातक आहे. चीर दिल्याने विष बाहेर येत नाही. उलट रक्तस्राव वाढतो, आणि घोणस किंवा फुरसे चावले असेल तर तो थांबतही नाही. रक्त चोखू नये, दोरीने आवळून बांधू नये. रोग्याला धीर द्यावा, त्यास चालू देऊ नये, दंश झालेला अवयव हलू न देता सरळ रुग्णालयात न्यावे. सर्पविषावर प्रतिविष हाच उपाय आहे.

जनावराचे पोट फुगल्यास चाकू खुपसून वायू काढण्याचा प्रयत्न करू नये, पशुवैद्यास बोलवावे. मात्र दाव्याने गळफास बसलेला बैल सोडविण्यास खिशातील चाकूसारखे दुसरे साधन नाही. त्या वेळी दोरी जनावराच्या अंगापासून ओढून धरावी आणि पाते अंगाच्या उलट दिशेने चालवावे.

स्वतःस जखम झाल्यास स्वच्छ पाण्याने धुऊन स्वच्छ फडक्याने दाबून धरावी. तीवर माती, चुना किंवा यंत्राचे तेल घालू नये. शेतातील मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, म्हणून लहान जखमेसाठीही प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन सुईविषयी विचारावे.

धार व निगा

पाजळण्याचा दगड पाण्याने ओला करावा. पाते दगडावर उभे धरले तर तो काटकोन. तो निम्मा केला म्हणजे पंचेचाळीस अंश. पुन्हा निम्मा केला म्हणजे सुमारे बावीस. हाच कोन दोन्ही बाजूंस सारखा राखून पाते पुढे-मागे चालवावे. एका बाजूवर घासता घासता दुसऱ्या बाजूस बारीक कड चढलेली बोटाला जाणवते. मग बाजू पालटावी. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर आठ-दहा वेळा ओढावे. धार अंगठ्यावर पाहू नये, कागदावर पाहावी. आठवडी बाजारात फिरत्या चाकावर धार लावून घेताना पाते तापून निळसर होणार नाही याकडे लक्ष द्यावे, कारण निळे पडलेल्या पोलादाचे पाणी उतरते आणि ते पुन्हा धार धरीत नाही.

संध्याकाळी चाकू उघडून पुसावा. आठवड्यातून एकदा खाचेतील माती काडीने काढून खिळ्यावर खोबरेलाचा एक थेंब सोडावा. विदर्भात जवसाचे तेल घरोघरी मिळते. पण ते वाळून चिकट थर होतो व खिळा आवळतो, म्हणून ते वापरू नये. मुलांच्या हाती चाकू देऊ नये, आणि दुसऱ्यास देताना नेहमी मिटवून द्यावा.

कायद्याची माहिती

शस्त्र अधिनियम १९५९ व त्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची शस्त्रे गणली जातात, व त्यातूनही घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनविलेली हत्यारे वगळली आहेत. येथे वर्णन केलेला चाकू या मापाच्या पुष्कळ आत आहे. तथापि महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ अन्वये जिल्हा दंडाधिकाऱ्यांना सण, निवडणूक किंवा अशांततेच्या वेळी चाकूसारख्या वस्तू बाळगण्यास मनाई करता येते. अशा काळात, तसेच न्यायालयात, सभेत किंवा मिरवणुकीत जाताना चाकू घरी ठेवावा. तो वावरातील साधन आहे, गावातील नव्हे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना विनंती

कार्यकर्त्याने स्वतःच्या खिशात असा चाकू ठेवावा आणि ज्या वावरात जाईल तेथे शेतकऱ्यासमोर निदान वीस बोंडे उघडून दाखवावीत. आठवड्यातून एकदा गावातील दोन-तीन शेतकरी एकत्र येऊन एकमेकांच्या वावरातील बोंडे तपासू लागले तर अळी कोठे आली आणि कोठे नाही, हे गावाला स्वतःच कळू लागेल. वीस बोंडे उघडण्यास पाव तासाहून अधिक वेळ लागत नाही. त्या पाव तासात सापडलेली दोन किडकी बोंडे शेतकऱ्यास वेळीच सावध करतात. आणि एकही किडके बोंड न सापडल्यास त्या आठवड्यात पंप खांद्यावर घेण्याची गरज राहत नाही.